माहिती व योग्य कारवाईसाठी

सोमवार, ३ मार्च १९४७

आजपासून कॉलेजच्या ग्रंथालयाचं तळघर हीच माझी कचेरी. वॉशिंग्टनहून एकशे चौदा खोकी आली आहेत आणि एकशे चौदा खोक्यांवर माझंच अक्षर आहे. टेलफर साहेबांची चौदा वर्षांची खासदारकी, मंदीच्या ऐन कडाक्यापासून युद्धानंतरच्या वर्षापर्यंतची, माझ्या हातून या खोक्यांत गेली. मिस्टर क्विग या इथल्या ग्रंथपालांनी विचारलं, मांडणी कुठल्या पद्धतीनं करणार? मी म्हटलं, माझ्या. बिचारे चष्मा पुसत निघून गेले.

माझी पद्धत साधी आहे. आलेलं पत्र, त्याला आमच्या उत्तराची कार्बनप्रत आणि पत्र एखाद्या खात्याकडे धाडलं असेल तर गुलाबी चिठ्ठीची प्रत, असे तीन कागद एका टाचणीत. चिठ्ठीवर छापलेलं असायचं, ‘खासदार टेलफर यांजकडून सादर. माहिती व योग्य कारवाईसाठी.’ मतदाराचं काम आपल्या हातातलं नसलं की चिठ्ठी लावायची, खात्याकडे धाडायचं आणि मतदाराला तसं कळवायचं. चौदा वर्षांत एक पत्र उत्तराशिवाय राहिलं नाही. साहेबांची सहीसुद्धा मीच करायचे. ती त्यांच्यापेक्षा मला चांगली येते असं ते चारचौघांत सांगत.

नऊ मेला या ग्रंथालयात साहेबांच्या नावाची खोली उघडायची आहे. त्यानंतर तिथली कायमची जागा मला मिळेल असं साहेबांनी क्विगना सांगून ठेवलंय. सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच्या गावात मानाची नोकरी. आणखी काय हवं?

गुरुवार, ६ मार्च

आज क्विगनी राज्याच्या राजधानीत, बिस्मार्कला, फोन लावायला सांगितला आणि माझा नाइलाज झाला. केटल क्रीकमध्ये फोन उचलला की पहिला आवाज आगाथाचाच. गावाचा टेलिफोन बोर्ड तिच्या बैठकीच्या खोलीत आहे. ते घरही टेलिफोन सोसायटीचंच.

मी नुसता नंबर सांगितला. ती म्हणाली, “जोडते.” पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या दोन बायका, आणि एवढंच बोलणं.

एकदा लिहून टाकते म्हणजे मनात घोळायला नको. ५ जानेवारी १९४२ ला सरकारी माणसं आली आणि एमिल हाफ्टर या जर्मन बेकरीवाल्याला शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून घेऊन गेली. बत्तीस वर्षं या गावाला पाव पुरवणारा माणूस. पुढच्या हिवाळ्यात तो नजरकैदेच्या छावणीतच न्यूमोनियानं गेला. तो अमेरिकेचा नागरिक झालाच नव्हता हे त्याच्या बायकोलाही त्या दिवशी कळलं. मग सरकारला कुणी सांगितलं? एमिलनं एकदा बिस्मार्कच्या वकिलाला फोन केला होता, तो नागरिकत्वाबद्दलच असणार असं सगळ्यांनी धरलं. तो फोन जोडला आगाथानं. दुसऱ्या कुणाला कळायला मार्गच नव्हता. बहिणीनं मला हे सगळं वॉशिंग्टनला कळवलं, त्यानंतर आगाथाची तीन पत्रं आली. मी ती न उघडता परत पाठवली. आयुष्यात उत्तराशिवाय ठेवलेली तेवढीच, पण ती कचेरीची नव्हती.

मंगळवार, ११ मार्च

१९३४ ते ३६, दुष्काळ आणि धुळीच्या वादळांची वर्षं. नाकात धूळ जाते आहे, आणि ती पत्रांमधलीच. एका बाईनं पाकिटात सात टोळ पाठवले होते, साहेबांनी ते सभागृहात दाखवावेत म्हणून. एकीनं मुलाच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवून कागद पाठवला, या मापाचे जुने बूट कुणाकडे असतील का. मी तेव्हा माझ्या घरमालकिणीच्या मुलाचे बूट मागून पाठवले होते आणि पत्रात लिहिलं होतं, खासदार टेलफर यांची भेट. तिचं आभाराचं पत्रही टाचणीत आहे. त्यात साहेबांसाठी प्रार्थना केली आहे. मला जरा हसू आलं आणि जरा वाईटही वाटलं, पण काम असंच असतं.

बुधवार, १९ मार्च

एमिलची बायको, लिडिया हाफ्टर, तळघरात आली. किती वाळली आहे. हातात अर्ज होता. २४ एप्रिलला टेलिफोन सोसायटीची वार्षिक सभा आहे, तिथं आगाथाला बोर्डावरून काढायचा ठराव येणार. काढलं की घरही जाईल. लिडिया म्हणाली, “जाऊ दे. माझ्या घरातून माणूस गेला.”

सोळा सह्या झाल्या होत्या. सतरावी माझी हवी होती; मी वॉशिंग्टनला राहिलेली, माझ्या सहीला वजन आहे म्हणे. मी केली. हात अडखळला नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते.

मग ती खोक्यांकडे बघत म्हणाली, “यात एमिलबद्दल काही असेल का गं? सरकार मला काही सांगत नाही. तिचं नाव लिहिलेला एक कागद मिळाला असता तर वाद न घालता काम झालं असतं.”

मी म्हटलं, शोधते. असेल तर मी ठेवलेलाच असणार.

बुधवार, २ एप्रिल

डिसेंबर १९४१ चं खोकं. ते दिवस आठवले तरी पाठ दुखते. साहेब दिवसरात्र सभागृहात, कचेरीतली दुसरी टायपिस्ट आजारी, आणि मी एकटी. आठवड्यात नऊशे पत्रं. मी वाचत नव्हते, नजर टाकत होते. विषय कुठल्या खात्याचा एवढं बघायचं, चिठ्ठी, सही, पुढचं.

आणि त्यात एमिलचं पत्र सापडलं. ११ डिसेंबरचं, बेकरीच्या कागदावर, साहेबांच्या नावे. लिहितो, मी १९०९ ला आलो, नागरिकत्वाचे पहिले कागद केले, दुसरे करायचे राहिले. लाज वाटते. मतदानाच्या दिवशी भट्टी बिघडली असं सांगून मी घरी बसतो. माझी बायको समजते मी नागरिक आहे. भाऊ जर्मनीत कीलच्या गोदीत कामाला आहे, त्याची पत्रं यायची. आता हे कसं नीट करता येईल ते तुम्हीच सांगा. तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही.

बिचारा. पण बघा, आमच्या कचेरीनं त्याला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. उत्तराची कार्बनप्रत आहे, आपलं पत्र लक्षपूर्वक वाचलं व संबंधित खात्याकडे पाठवलं आहे. खाली माझी आद्याक्षरं. न्यायखात्याकडे धाडताना लावलेली गुलाबी चिठ्ठी आहे. खात्याची पोचसुद्धा आहे, ६ जानेवारीची: आपण पुरवलेल्या माहितीबद्दल आभारी आहोत, योग्य ती कारवाई झाली आहे. म्हणजे त्याचं काम मार्गी लागलंच होतं, आणि नेमकं तेव्हाच आगाथानं तोंड उघडलं. लिडियाला हे दाखवलं पाहिजे. निदान साहेबांनी प्रयत्न केला होता हे तिला कळेल.

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी चहा ओतताना कळलं. पाच तारखेला त्याला नेलं. सहा तारखेला ते लिहितात, कारवाई झाली आहे.

कारवाई म्हणजे तीच.

कुणी चुगली केली नव्हती. त्यानं आम्हाला विश्वासानं लिहिलं आणि मी ते त्याच्याच हस्ताक्षरात, चिठ्ठी लावून, पोलिसांच्या हाती दिलं.

बुधवार, ९ एप्रिल

सहा दिवस काही लिहिलं नाही. कामावर जाते, खोकी इकडची तिकडे करते. एमिलची फाइल कापडी पिशवीत घालून खोलीवर आणली आहे. क्विगच्या परवानगीशिवाय कागद बाहेर न्यायचा नाही हा नियम मीच दारावर लावला होता.

मनाला समजावून बघितलं. पद्धतच तशी होती, सगळ्या खासदारांच्या कचेऱ्यांत तीच. नागरिकत्वाचं काम न्यायखात्याकडे, आणि शत्रुराष्ट्राची माणसं पकडायचंही त्यांच्याकडेच; दुसरीकडे पाठवणार कुठं? हे सगळं खरं आहे. पण पत्र शेवटपर्यंत वाचलं असतं तर चिठ्ठी लावली नसती, हेही खरं आहे. ‘तुमच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही’ ही ओळ शेवटची होती.

लिडिया आज दुकानात भेटली. अर्जावर एकसष्ट सह्या झाल्या म्हणाली. काही सापडलं का विचारलं. मी म्हटलं, अजून १९४० वर आहे. अशी सफाईदार थाप मारता येते हे मला नव्यानं कळलं.

शनिवार, १२ एप्रिल

साहेबांकडे गेले. व्हरांड्यात बसून त्यांनी चारही कागद दोनदा वाचले. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. कॉफी मागवली, मला आधी दिली.

म्हणाले, “मी हे पत्र कधी पाहिलंच नाही, मार्गिट.”

“माहीत आहे, साहेब.”

“पण सही माझी आहे. म्हणजे तुझ्या हातची.” थोडं थांबून म्हणाले, “एमिल गेला. हा कागद बाहेर आला तर तो काही परत येत नाही. माझं नाव दारावर लागायच्या आधी ते लोकांच्या तोंडी लागेल, आणि तुझं त्याच्या खाली.”

मी आगाथाचं नाव काढलं. त्यांनी हात झटकले. तिला फार्गो शहरात दुसरं काम बघून देऊ म्हणाले, माझा शब्द अजून चालतो. हेही त्यांनी मनापासूनच म्हटलं असेल. मंदीत त्यांनी किती जणांना कामं बघून दिली ते मीच तर टाइप केलंय.

२६ तारखेला देणगीच्या कागदांवर त्यांची सही होईल. तोवर खोकी त्यांची, नंतर कॉलेजची. ते म्हणाले, “तोवर काय ठेवायचं नि काय नाही हा माझा हक्क आहे. फाइल तुझ्याकडेच राहू दे. तू नेहमी योग्य तेच करतेस.”

चौदा वर्षं हे वाक्य ऐकून मी फुलून यायचे. आज मी कॉफीचा कप भरलेलाच ठेवून उठले.

गुरुवार, १७ एप्रिल

काल रात्री शेगडी पेटवली. फाइल मांडीवर घेतली. मग शेगडीत एमिलचं पत्र घालायच्या ऐवजी मी ते परत वाचलं. अक्षर गिचमिड, खाडाखोड, इंग्रजी मोडकंतोडकं. ‘नीट’ हा शब्द चारदा आला आहे. हे नीट करायचं आहे, नीट सांगा, नीट कागद, सगळं नीट होईल. शेगडी आपोआप विझली.

आज कामावर क्विगनी हळूच विचारलं, “खोकं सत्त्याऐंशी, फाइल एकतीस तुमच्या यादीत आहे, पण खोक्यात दिसली नाही.” यादी मी मार्चमध्येच, वॉशिंग्टनच्या जुन्या वहीवरून केली होती. माझी शिस्तच माझ्या मुळावर उठली आहे. मी म्हटलं, चुकून दुसरीकडे गेली असेल. ते म्हणाले, “तुमच्याकडून?” टोमणा नव्हता, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. त्यानं जास्त लागलं.

खरं काय ते इथं तरी लिहावं. मला भीती वाटते ती लोकांची नाही. खोली, जागा, पगार जाण्याची वाटते, हो. पण सगळ्यात जास्त भीती याची, की मी चौदा वर्षं ज्याला काम म्हणत आले त्यात अशा आणखी किती टाचण्या असतील. ती खोकी उघडायला माझा आता हात धजत नाही.

सोमवार, २१ एप्रिल

वाटलं, आगाथाला आधी सांगावं. फोन उचलला. “नंबर?” ती म्हणाली. मी फोनची तार बोटाला गुंडाळत राहिले. ती वाट बघत राहिली. मागे बोर्डावर दुसरे फोन वाजत होते तरी तिनं लाइन सोडली नाही. शेवटी मीच ठेवला. तिला कळलंच असणार कुणाचा फोन ते, बोर्डावर दिसतं.

गुरुवार, २४ एप्रिल

सभा झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

लुथरन चर्चचा हॉल भरला होता. साहेब पुढच्या ओळीत, सोसायटीचे जुने सभासद म्हणून. आगाथा मागे दाराजवळ कोट न काढता बसलेली. बोर्डावर तिनं तासाभरासाठी बदली बसवली होती. मी पिशवी मांडीवर घेऊन मध्ये. हाताला इतका घाम आला होता की पिशवीच्या बंदांचा रंग तळव्याला लागला.

लिडियानं अर्ज वाचला. त्र्याऐंशी सह्या. अध्यक्षांनी आगाथाला विचारलं, काही म्हणायचंय? ती उभी राहिली, म्हणाली, “मी कुणाचं काही बोलले नाही,” आणि बसली. मागून कुणीतरी हसलं. तेवढंच तिनं पाच वर्षं म्हटलं होतं आणि तेवढंच आजही म्हटलं.

अध्यक्ष म्हणाले, मग हात वर करा. मी हात वर केला. त्यांना वाटलं मी ठरावाच्या बाजूनं. म्हणाले, अजून मोजणी सुरू नाही केली, मिस ऑस्बी.

मी म्हटलं, मला वाचायचंय.

साहेबांनी मान वळवली. रागानं नाही, जुन्या सवयीनं. मी काय करते आहे हे मलाच माहीत असेल अशा विश्वासानं. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि वाचलं. आधी एमिलचं पत्र, मग आमचं उत्तर, मग चिठ्ठी, मग पोच. तारखा दोनदा वाचल्या. मग सांगितलं की साहेबांनी पत्र पाहिलंही नव्हतं. सही मी केली, चिठ्ठी मी लावली आणि पत्र मी पूर्ण वाचलं नाही. आगाथाचा यात कुठंही संबंध नाही. या अर्जावरची सतरावी सहीही माझीच आहे.

लिडिया टेबलाशी उभीच होती. मला वाटलं ती मला मारेल, आणि मारलं असतं तर मी तोंड चुकवलं नसतं. पण तिनं आगाथाकडेही पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. कागदाकडे बघत म्हणाली, “भट्टी बिघडली नव्हती?”

मी म्हटलं, “नाही.”

“दर मतदानाला मी त्याला शेजारून मिस्त्री आणून द्यायचे.” ती खुर्चीत बसली. “मला सांगायचं ना रे. मी काय केलं असतं तुला?”

बायका तिच्याभोवती जमल्या. तिनं अर्ज घडी करून कोटाच्या खिशात घातला आणि कुणाचा हात न धरता बाहेर पडली. ठराव मांडायला कुणी उरलंच नव्हतं. अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला, खांबांची दुरुस्ती. साहेब तोवर निघून गेले होते. आगाथाची खुर्चीही रिकामी होती. तास संपला होता, तिला बोर्डावर जायचं होतं.

शुक्रवार, २५ एप्रिल

सकाळी साहेबांची चिठ्ठी आली, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात. माझ्या सेवेची आता गरज नाही. देणगीबद्दल ते पुन्हा विचार करणार आहेत. खाली त्यांची सही. खरंच माझ्याइतकी चांगली येत नाही.

क्विगना फाइल परत दिली. त्यांनी ती खोक्यात नीट ठेवली, यादीत खूण केली आणि म्हणाले, उद्यापर्यंत खोकी साहेबांची आहेत, पण ही फाइल काल शंभर माणसांनी ऐकली आहे. ती आता कुणाला काढता येईलसं वाटत नाही. मग मला चहा विचारला. त्या माणसाला मी दोन महिने ठोंब्या समजत होते.

दुपारी आगाथाकडे गेले. दार उघडंच होतं. ती बोर्डाशी, कानाला यंत्र, माझ्याकडे पाठ. मी उभीच राहिले. मध्येच दोन फोन जोडले तिनं. मी म्हटलं, मला क्षमा मागायची आहे, मला खरं काय ते तीन तारखेलाच कळलं आणि मी तीन आठवडे गप्प राहिले.

“मला पाच वर्षांपूर्वी कळलं,” ती म्हणाली.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिनं कानावरचं यंत्र थोडं सरकवलं.

“त्याला न्यायच्या आदल्या दिवशी शेरीफला बिस्मार्कहून फोन आला. जोडणारी मीच. तो माणूस म्हणाला, माहिती पक्की आहे, खुद्द खासदारांच्या कचेरीतून पत्र आलंय. तिथं पत्रं कोण पाठवतं ते मला ठाऊक नव्हतं का?”

“म्हणून तू मला लिहिलंस?”

“तुलाच सांगणार होते. आणखी कुणाला नाही.”

मी म्हटलं, “अगं, मग गावाला सांगायचंस. लोक दारावर चिखल मारत होते तुझ्या. एका वाक्यात सुटली असतीस.”

“काय सांगायचं होतं? की मी शेरीफचा फोन ऐकला आणि आता तो तुम्हाला सांगते?” ती पहिल्यांदा वळली. चेहरा थकलेला होता, पण स्वर शाळेतला, मला गणित समजावताना असायचा तसा. “मी चुगली करते असं ते म्हणत होते, मार्गिट. सुटण्यासाठी मला चुगलीच करावी लागली असती.”

बोर्डावर दिवा लागला. ती वळली आणि म्हणाली, “नंबर?”

मी बराच वेळ तिथं बसून होते. तिनं जा म्हटलं नाही, बस असंही म्हटलं नाही.